पावाच्या खड्ड्यातल्या नळ्या

ज्वालामुखीच्या मुलखातल्या मिवात्न तळ्याकाठच्या गरम जमिनीत खड्डा करून, त्यात पिठाचा डबा पुरून स्तेनवोर आयुष्यभर काळा पाव भाजत आली होती. सगळ्या गावाचे खड्डे तिथेच, आणि रीत एकच: कुणाचा डबा करपायला आलेला दिसला की ज्याच्या नजरेस पडेल त्याने तो काढायचा, वाया गेला असेल तर घासूनपुसून परत करायचा. या शेजारधर्मात स्तेनवोरचा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणूनच त्या शुक्रवारी टोकाच्या खड्ड्यात काचेच्या नळ्या कोरड्याठाक दिसल्या, तशा तिने त्या घरी आणल्या, साबणाने लख्ख धुतल्या आणि पालथ्या घातल्या.

तिची लेक स्वानदीस, रसायनशास्त्र शिकलेली, दारातच थबकली. "आई, हे काय केलंस?"

"अगं, पार वाळल्या होत्या गं. तळाशी नुसती खपली!"

"ती खपलीच तर हवी होती मला! अख्खा उन्हाळा गेला त्यात." ती खुर्चीत बसून रडू लागली. रविवारी तिला राजधानीला परतायचं होतं. आता रिकाम्या हातांनी. स्तेनवोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॉफी पोटात गेल्यावर लेक बोलू लागली. "पृथ्वीवर काहीच जिवंत नव्हतं ना, तेव्हा अशाच गरम डबक्यांच्या काठावर साधी रसायनं सुकायची, भिजायची, पुन्हा सुकायची. सुकताना एकमेकांना धरून त्यांच्या साखळ्या झाल्या असतील. त्यातूनच पुढे जीव आला असेल, असं वाटतं आम्हाला. तेच या नळ्यांत करून बघत होते मी."

"आणि लक्ष कोण ठेवत होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर जमलं! तू असतीस तर धुऊन टाकलं असतंस सगळं."

दोघी हसल्या. पण 'कुणीच नाही' हे स्तेनवोरच्या जिवाला लागलं.

"माझा खड्डा घे," ती म्हणाली. "सगळ्यात गरम आहे. पाव काय, नंतर भाजता येईल."

स्वानदीसने जाणं लांबवलं. स्तेनवोरला त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली.

नळ्या पुन्हा भरल्या, पुरल्या आणि पुन्हा वाळत आल्या. लेक तळ्यावर पाणी आणायला गेली होती. लहानपणी ती पडली की धूळ लागायच्या आत तिला उचलणारी ही बाई. तिचे हात शिवशिवू लागले. तिने ते ॲप्रनखाली दाबून धरले आणि खड्ड्याशेजारी फतकल मारली.

"वाळा, बाळांनो," ती हळूच म्हणाली. "मी हात लावणार नाही. पण मी इथेच आहे हं."