बावन्न अंशाचं पाणी

आज पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत मी एकट्यानेच आंबे गरम पाण्यात बुडवले. बायको जाऊन तीन वर्षं झाली. वाफेबरोबर चिकाचा उग्र वास वर आला आणि कितीतरी वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली.

आदल्या वर्षी आमची अर्धी आढी देठाकडून काळी पडून सडली होती, म्हणून मी पालघरहून बुरशीनाशकाची पावडर आणली होती. बायकोने ती पुडी उघडलीच नाही. "आंबा पोरांच्या तोंडात जायचा हाय," ती म्हणाली. "माज्या म्हायेरी नुसत्या गरम पान्यात बुडवतात."

तिने चुलीवर मोठं पातेलं चढवलं. पाणी किती तापलंय ते ती हात घालूनच बघत होती. कमी वाटलं की लाकूड पुढे सारायची, जास्त वाटलं की थंड पाण्याचा तांब्या ओतायची. वर येणारे आंबे तळव्याने खाली दाबायची. मी पडवीत बसून हसत होतो. "एवढ्याने भागलं असतं तर लोकांनी औषधं कशाला काढली असती?"  पदराला हात पुसून तिने पुढची पाटी ओढली.

त्या वर्षी आंबे टिकले. मी तिला तसं म्हटलंही नाही.

आता शेतीखात्याचे साहेबही हेच सांगतात, बावन्न अंशाचं पाणी आणि दहा मिनिटं. त्यासाठी मी थर्मामीटर आणलाय. आज तो बावन्नवर आला तेव्हा सहज पाण्यात हात घातला आणि लगेच मागे घेतला. बोटं लाल झाली होती.

त्या दुपारी ती पुन्हा पुन्हा पदराला हात पुसत होती. तिचा हात कसा झालाय, हे मी उठून बघितलं नाही.