कडियमहून आणलेले दोनशे एक्झोरे

आंध्रात कडियमला रोपं आणायला जायचं तर दिवाळी झाल्यावर जा. उन्हाळ्यात गेलात तर रोपं ट्रकमध्येच उकडतील, सोबत तुम्हीपण. मी काही हौसेनं गेले नव्हते. नागपुरात काटोल रोडच्या फुटपाथवर माझी नर्सरी आहे, सोळा वर्षं तिथंच ऊन खाते. उमरेड रोडला लग्नाचं लॉन असलेल्या एका भाऊंना गेटपासून स्टेजपर्यंत लाल एक्झोरा पाहिजे होता, दोनशे रोपं. मी म्हटलं, बोगनवेल लावा, कण्हेर लावा, आपल्या उन्हात मरत नाही. पण त्यांनी गोव्याला एक्झोरा पाहिला होता. रोपं जगली तर लॉनची वर्षभराची देखरेख तुमची, म्हणाले. म्हणजे महिन्याचा बांधलेला पगार आणि फुटपाथ सुटला. मी हो म्हटलं.

सोबत धाकटी जाऊ सुमन. ती माझ्याच नर्सरीत काम करते, बोलते कमी, बघते जास्त. विजयवाड्याच्या गाडीचं तिकीट महिनाभर आधी काढा, नाही तर आमच्यासारखं दाराजवळ पिशवीवर बसून जाल. भाकर-झुणका बल्लारशालाच संपला. संध्याकाळी विजयवाड्याला उतरलो. स्टेशनसमोर सातशेची खोली घेतली, गरम पाण्याचे पैसे वेगळे. सकाळी राजमहेंद्रीची गाडी, तिथून शेअर ऑटो.

कडियम बघून मी जळले, खोटं काहून बोलू. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या, मधून कालवा, आणि एक्झोरा असा फुललेला की पान दिसत नाही. आमच्याकडं एक रोप जगवायला जीव जातो. रस्त्यावरच्या नर्सरीत भाव विचारू नका, आतल्या गल्लीत जा, निम्म्यात मिळतं. जेवण केळीच्या पानावर, भात लागेल तेवढा. लोणचं सांभाळून खा.

रोपं निवडली. तिथल्या प्रत्येक रोपाच्या मुळाशी लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. गोळे बांधून देणारी एक म्हातारी होती. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, तुमच्याकडची माती कोणती. काळी, म्हटलं. तर म्हणाली, "गोला पानी में डालो, तोड़ो, फिर लगाओ। नहीं तो पत्थर।"

आता नर्सरीत पहिल्या दिवसापासून आम्ही एकच शिकलो. गोळा फुटला की रोप गेलं. फुटक्या गोळ्याचं रोप मी गिऱ्हाइकाला देत नाही. मी तिला म्हटलं, "हमको मत सिखाओ, सोलह साल से येही करते."

सुमन हळूच म्हणाली, "जाऊबाई, ऐकून तर घ्या. तिची माती, तिले माहीत."

"तुले लई समजते वं. उचल."

म्हातारी हसली आणि पुढचा गोळा बांधायला लागली.

ट्रक तिसऱ्या दिवशी नागपूरला पोचला. दोनशेच्या दोनशे रोपं मी लॉनवर स्वतः उभं राहून लावून घेतली, एकही गोळा फुटू दिला नाही. सुमननं स्वतःच्या पैशानं दहा रोपं आणली होती. ती घमेल्यात भिजवून, माती चोळून काढून तिनं कुंड्यांत लावली. मी चार गिऱ्हाइकांसमोर तिला हसले.

महिन्यात लॉनवरची पानं पिवळी पडली. मी पाणी वाढवलं. आणखी पिवळी. शेवटी एक रोप उपटलं. भोवती काळ्या मातीचा नुसता चिखल, मधला गोळा विटेसारखा कोरडा. मुळं त्याच्या बाहेर आलीच नव्हती. पाण्यात उभं राहून तहानेनं मेलं. मग दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. पुढं उपटायची हिंमत झाली नाही.

भाऊ नर्सरीवर आले तेव्हा सुमनच्या दहाही कुंड्या लाल झाल्या होत्या. हे कोणी लावले, त्यांनी विचारलं. खोटं बोलायला एक मिनिट होतं माझ्याकडं. सुमन खाली बघत होती.

"तिनं," मी म्हटलं.

देखरेख तिला मिळाली. नवी रोपंही तीच लावणार. मला वाटलं होतं, ती काहीतरी ऐकवेल. मी तयार होऊन बसले होते. ती एवढंच म्हणाली, "दोनशे गोळे एकटीनं नाही भिजत जाऊबाई. चाला."

कडियमला जाल तर खर्च माणशी पाचेक हजार धरा, ट्रकचं भाडं वेगळं. तिथली माणसं काही सांगतील, ते पूर्ण ऐका. मी आता सकाळी सुमनच्या गाडीवर मागं बसून लॉनवर जाते. गोळे मी भिजवते. बरोबर भिजला का, ते ती बघते.