अण्णांचं पाणी आणि चार्जरचा लाल दिवा

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

आठ महिने आम्ही इलेक्ट्रिक गाडी साध्या प्लगवरच चार्ज करत होतो. आज लातूरच्या घरी वॉल चार्जर बसवला, तर लाल दिवा. चार्जिंग सुरूच होईना.

वायरमन रफिकभाईंनी तपासलं. "ताई, हा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, अन् तुमचा अर्थिंगचा खड्डा पार वाळलाय. लीक झालेला करंट जमिनीत जाणार कसा? पाणी कोण टाकतंय ह्यात?"



माझे सासरे, अण्णा, दर रविवारी गेटजवळच्या त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. टँकरच्या दिवसांतही. "प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही मातीत ओतून राहिलात," असं मी त्यांना पाहुण्यांसमोर बोलले होते. त्यानंतर ते स्वतःच्या अंघोळीतलं पाणी वाचवून ओतायचे.

अण्णांना जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून खड्डा कोरडाच. अर्थिंग गेल्याचं जुन्या प्लगनं कधी सांगितलं नाही, अन् शॉक बसेल हे ठाऊक नसलेली माझी लेक चार्जिंग चालू असताना ओल्या फडक्यानं गाडी पुसायची.

रफिकभाईंनी मीठ-कोळसा भरला, मी तीन बादल्या ओतल्या. तासाभरानं दिवा हिरवा झाला.

तुमच्या घरचा अर्थिंगचा खड्डा कुठंय, माहीत आहे? त्यात पाणी टाकणाऱ्या माणसाला तुम्ही काय बोलला होतात?