नामूकाकांनी डिपर मारला होता

मंडळी, आज नवी फोर-बाय-फोर जीप घेतली. आईला शेजारी बसवून बारामतीहून निरवांगीला निघालो. स्टिअरिंगजवळच्या एका छोट्या चाकावर बोट ठेवून तिनं विचारलं, "ह्ये कशाला हाय?"

शोरूममध्ये ऐकलेलं मी तिला सांगितलं. मागं वजन भरलं की गाडीचं तोंड वर उचलतं. मग डिपर मारून लाईट खाली केली तरी ती समोरच्याच्या डोळ्यांत जाते. हे चाक फिरवलं की ती खाली येते.

आईनं चाकावरचं बोट मागं घेतलं.

नव्वदच्या दशकात माझे वडील दिवेलागणीला सायकलवरून घरी येत होते. समोरच्या जीपच्या उजेडानं त्यांचे डोळे दिपले आणि ते कॅनॉलमध्ये पडले. ते वाचले नाहीत. जीप कळसच्या नामूकाकांची, मागं बाजाराची मेंढरं भरलेली. "म्या डिपर मारला व्हता," असं काका मरेपर्यंत सांगत राहिले. कुणी मानलं नाही. आमच्या घरानं त्यांच्या घरचं पाणी वर्ज्य केलं.

"म्हंजी त्यो खरं बोलत व्हता," आई म्हणाली. "गाडी कळसला घे."

काका भिंतीवर फोटोत होते. काकूंनी आईला ओळखलं आणि त्या दारातच थबकल्या. आई ओट्यावर टेकली.

"वैनी, वाईच पाणी देता का?"

काकू आत गेल्या. तांब्या भरल्याचा आवाज आला, पण त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मंडळी, आम्हाला आज कळलं. नामूकाकांना आता कोण सांगणार?