जांगिरी केसांची भाडेकरीण

"मान खाली कर."

घर बघायला आलेल्या प्रत्येक मुलीला अक्कांचं पहिलं वाक्य हेच असायचं. नाव, गाव, नोकरी सगळं नंतर. मान खाली केली की त्या एक बट ओढून सोडायच्या आणि ती परत कशी उडी मारते ते चष्म्यातून बघायच्या. बट परतली नाही तर खोली नाही.

तुम्हीही चमत्कारिक घरमालक पाहिले असतील. मांसमच्छी नको, पाहुणे नकोत, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. फक्त कुरळ्या केसांच्या मुलींना खोली देणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. अड्यारच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. मूळच्या तंजावरकडच्या मराठी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मुलगा बंगळूरला. आयटीतल्या नोकरीसाठी मी सांगलीहून आले तेव्हा चेन्नईच्या दमट हवेनं माझे केस असे फुलले होते की डोक्यात हेल्मेट जात नव्हतं. अक्कांनी बट ओढली आणि समाधानानं म्हणाल्या, "सुरुट्टै." तमिळमध्ये कुरळं. खोली मिळाली.

सरळ केसांच्या मुलींनी काय घोडं मारलंय, असं मी एकदा विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांच्याशीं बोलायचें काय?"

आमच्याशी बोलायला मात्र त्यांच्याकडे पुष्कळ होतं. सगळे कुरळे केस एकाच जातीचे नसतात, हे त्या वर्गात शिकवल्यासारखं सांगायच्या. केस धुवायचे, हात न लावता आपोआप वाळू द्यायचे, मग जो आकार दिसेल तो खरा. नुसती लाट आली तर समुद्र. स्प्रिंगसारखी गुंडाळी आली तर मुरुक्कू, म्हणजे आपली चकली. आणि बारीक, घट्ट वेटोळी आली तर जांगिरी, म्हणजे इमरती. मी पुढून समुद्र आणि मागून मुरुक्कू निघाले. "मिश्र हवामान," असं म्हणून त्यांनी दोन्ही भागांना वेगळा उपचार लावला.

कोरड्या केसांना फणी लावायची नाही. ओल्या केसांत जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत गर चोळायचा आणि टोकांपासून वर, बोटांनीच गुंता सोडवायचा. पुसायला टॉवेल नाही, यजमानांचं जुनं सुती धोतर. बोअरचं पाणी खारट, म्हणून शेवटचा तांब्या टँकरच्या गोड्या पाण्याचा. उन्हाळ्यात टँकर आला नाही की आमचा चहा खारट व्हायचा, केस नाही.

माझ्या खोलीतली दुसरी कॉट रिकामी झाली आणि नेमकं तेव्हाच माझी कॉलेजातली मैत्रीण शलाका घर शोधत होती. तिचे केस पट्टीनं आखल्यासारखे सरळ. ती ब्युटी पार्लरमध्ये गेली आणि औषध लावून केस कुरळे करून आली. अक्कांनी बट ओढली. बटेनं अशी उडी मारली की अक्का दोन पावलं मागे सरल्या.

"जांगिरी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या घरात आलेली ती पहिलीच जांगिरी होती. त्या संध्याकाळी पायसम, म्हणजे खीर, झालं.

पण केस वाढतात, याचा आम्ही विचारच केला नव्हता. एका रविवारी शलाकाच्या डोक्यात जास्वंद चोळता चोळता अक्कांची बोटं थांबली. मुळाशी केस सरळ उगवत होते. मी तांब्या धरून उभी होते. आता आपण दोघी रस्त्यावर, असं मला वाटलं. अक्का मात्र काळजीत पडल्या. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या की या मुलीला काहीतरी मोठं दुःख आहे, त्याशिवाय जांगिरी अशी सुटत नाही.

मग उपचार वाढले. सकाळी बदामाचं दूध, रात्री तूप घालून पोंगल, शुक्रवारी मैलापूरच्या देवळात अर्चना. सरळपणा उतरत कानापर्यंत आला तसं शलाकाचं वजन वाढलं आणि तिला खाल्लेलं लाजेनं गिळेना. शेवटी तिनं पार्लरचं सगळं खरं सांगून टाकलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

"एका खोलीसाठीं केसांत औषध कोण घालील?" तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "तें राहूं दे. दुःख काय आहे तें सांग."

शलाका हसायला गेली आणि रडायला लागली. मंदीत तिची नोकरी गेली होती. घरी कळवलं नव्हतं, मलाही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती माझ्याबरोबर डबा घेऊन निघायची आणि दिवसभर बेसंट नगरच्या समुद्रावर बसून राहायची.

अक्कांना जराही आश्चर्य वाटलं नाही. खाऱ्या वाऱ्यावर बसायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं आणि तिला जेवणाच्या टेबलाशी अर्ज करायला बसवलं. प्रत्येक मुलाखतीच्या आधी त्या दारात उभ्या राहून तिच्या केसांकडे बघायच्या. पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. जाण्याआधी अक्कांनी तिची खालची, उरलेली जांगिरी स्वतःच्या हातानं कापली. दुःख गेलं तरी केस परत वळत नाहीत, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

त्यानंतर त्या सरळ केसांच्या मुलींनाही खोली देऊ लागल्या. फक्त बट परतली नाही की मुलीला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, अगदी हळू विचारायच्या, "काय झालें, बाळ?" बिचाऱ्या मुली गोंधळायच्या. पण त्यांतल्या बऱ्याच जणी काहीतरी सांगायला लागायच्या.

अक्का आजारी पडल्या तेव्हा त्यांचा मुलगा येईपर्यंत मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ होते. खाली औषधं आणायला गेले होते. परत आले तर एका मल्याळी नर्सनं त्यांच्या पांढऱ्या कुरळ्या केसांना चपचपीत तेल लावून, न भिजवताच फणीनं विंचरून, दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. टोकांना बँडेजच्या पट्टीचे फुगे. मी नर्सला काही म्हणणार, तेवढ्यात अक्कांनी हातानं मला गप्प केलं आणि आरसा मागितला.

आरसा नव्हता. मी खिडकीच्या काचेकडे त्यांची मान वळवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. शाळेत सगळ्या मुलींच्या अशा वेण्या असायच्या, त्या म्हणाल्या, त्यांच्या स्वतःच्या मात्र आईनं कितीही बांधल्या तरी पहिल्या तासालाच सुटायच्या.

मग त्यांनी दोन्ही वेण्या खांद्यावरून पुढे घेतल्या, छातीवर नीट सरळ ठेवल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"राहतील नाहीं गं आतां?"

शेवटपर्यंत राहिल्या.