पडद्यामागचे साडू

अर्जदार: मी स्वतः, तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा. ज्यांच्याविषयी अर्ज: माझे थोरले साडू, धंदा शेती, राहणार कोहमाऱ्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावरचे एक गाव. काळ: गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्यानंतरची दोन-तीन वर्षे, तसेच हे चालू वर्ष. साक्षीदार: माझी मुलगी, गोंडी टोल्यावरची मंगली, मंगलीची आजी, आणि नाटकाचा एक पडदा, ज्यावर राजवाड्याची बाग रंगवलेली असून ज्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्लेला आहे.

सविनय निवेदन असे की, सबंध गोंदिया जिल्ह्यात माझ्या साडूंसमोर आपले वाक्य स्वतः पुरे केलेला एकही मनुष्य आढळणार नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होते, हे सर्वज्ञात आहे. त्या नाटकात पडद्यामागे बसून नटांना शब्द पुरवण्याचे काम साडूंनी तरुणपणी पत्करले आणि ते त्यांच्या अंगात इतके भिनले की नाटक संपले तरी ते थांबेनासे झाले. समोरचा श्वास घेण्यासाठी थांबला की साडूंनी पुढचा शब्द दिलाच. एका लग्नात भटजी मंगलाष्टकात क्षणभर अडखळले, तेव्हा साडूंनी मागून ‘सावधान’ दिले, अक्षता उडाल्या, बँड वाजला आणि उरलेले मंगलाष्टक भटजींनी जेवणाच्या पंगतीत म्हणून टाकले. माझ्या टेबलाशी तर त्यांनी विशेष उपद्रव मांडला होता. एक म्हातारा शेजाऱ्याने बांध कोरल्याची तक्रार सांगत होता. साडू मागून त्याला शब्द पुरवू लागले आणि त्या साध्या बांधाच्या प्रकरणात छळ, विश्वासघात आणि पूर्वजन्मीचे वैर असे सर्व येऊन गेले. मी खोडायला लागलो तर म्हातारा हात जोडून म्हणाला, “राहू द्या जी. माझ्या दुःखापक्षा यायनं सांगितलेलं बरं हाये.” घरी माझी मेव्हणी भांडायला लागली की तिचे पुढचे वाक्यही तेच पुरवीत. ती बिचारी म्हणे की या माणसाने मला आयुष्यात एक भांडण स्वतःच्या मनाने करू दिले नाही.

आता मूळ विषय. माझ्या मुलीला शिक्षणसेविका म्हणून जी पहिली नेमणूक मिळाली, ती साडूंच्या गावालगतच्या गोंडी टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या छोट्या वस्तीवर. मुले घरी गोंडी बोलत, पुस्तक मराठीत, आणि माझी मुलगी मराठी व हिंदी सोडून तिसरी भाषा जाणत नव्हती. ती फळ्यावर लिही, विचारी, विनवी. मुले तिच्याकडे नुसती पाहत बसत. मग एकेक जण शाळा सोडून जनावरांमागे जाऊ लागला. पट घसरला तेव्हा वरून कळवण्यात आले की पाहणीला साहेब येतील, आणि हीच स्थिती दिसल्यास शाळा बंद करून मुलांना नाल्यापलीकडच्या गावात घालण्यात येईल. पावसाळ्यात तो नाला बैलालाही उतरू देत नाही. शाळा बंद म्हणजे टोल्याचे शिक्षण बंद, हे उघड होते.

मुलगी रडत माझ्याकडे आली. मी तिच्या बदलीचा अर्ज लिहावयास घेतला. माझे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबले असले तरी अर्जाच्या बाबतीत मी कोणाला हार जात नाही, आणि तो अर्ज उत्तमच उतरत होता. परंतु साडू खांद्यावरून वाचीत होते. त्यांनी माझ्या हातातील पेन काढून घेतले व म्हणाले, “पोट्टे मुके नाहीत, भाऊ. त्याईले मागून सांगनारा कोनी नाही.”

शाळेच्या पालकसभेला टोल्यावरून आजवर कोणी फिरकले नव्हते. साडूंनी सभा म्हटलेच नाही. ते घरोघर गेले आणि प्रत्येकाला सांगितले की शाळेत नाटक बसते आहे, तुला पार्ट आहे. आमच्या झाडीपट्टीत कामाला बोलावले तर माणसाचे गुडघे दुखतात. पार्टाला नाही म्हणणारा अजून जन्मला नाही. शाळेतल्या मंगलीची आजी सर्वांत आधी आली. मॅडमच्या तोंडासमोर बोलायला बायका लाजत, म्हणून साडूंनी नाटक मंडळाचा तो जुना पडदा मागून आणला. कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्याने आपल्या टेम्पोतून तो पोचवला. राइस मिलवाल्याने दोरी व बांबू दिले. माझ्या अक्षरालाही पार्ट मिळाला आणि मी मोठमोठ्या पुठ्ठ्यांवर शब्द लिहून दिले. मुलगी चित्र दाखवून म्हणे ‘पाणी’, की पडद्यामागून आजी म्हणे ‘येर’. राजवाड्याच्या बागेतून आपल्याच आजीचा आवाज येतो हे पाहून मुले प्रथम हसली, आणि हसता हसता बोलू लागली. जनावरांमागे गेलेलीही परत आली. आजीच्या शेजारी साडू बसत व मराठी वाक्य अडले की ते पुरवीत.

येथे एक चूक झाली, जी आमच्याच भागात होऊ शकते. मंडईचा नट पाठांतर करीत नाही, पडदा बोलेल तेव्हा बोलतो. मुलांनीही तेच धोरण उचलले. साडूंना खोकल्याची उबळ आली तर वर्गही जागच्या जागी खोकत असे.

साहेब आले. त्यांनी मंगलीला उभे करून पुस्तक हाती दिले व वाच म्हणाले. मंगलीने पडद्याकडे पाहिले. सगळ्या वर्गाने पडद्याकडे पाहिले. मी दाराशी उभा होतो. पडदा बोलेना. जो मनुष्य भटजींना थांबू देत नाही तो गप्प कसा, हे मला कळेना. मंगली थांबली, मग तिने बोट अक्षरावर ठेवले आणि वाचू लागली. एका शब्दावर अडली, पुन्हा पडद्याकडे पाहिले, पुन्हा पुस्तकाकडे, आणि तो शब्द तिने स्वतः ओढून काढला. धडा संपवून तिने लहान मुलांना तोच गोंडीत सांगितलाही, कोणी न सांगता.

साहेबांनी उठून पडदा बाजूला केला. मागे साडू घामाघूम बसले होते आणि मंगलीच्या आजीने त्यांचे तोंड तळहाताने घट्ट दाबून धरले होते. साहेबांनी हे कोण म्हणून विचारले. आजी हात न काढता म्हणाली, “हा मास्तर होय जी. आज याले पार्ट नाही.”

शाळा राहिली. माझी मुलगीही तेथेच राहिली. बदलीचा तो अर्ज माझ्याकडे अर्धवट पडून आहे, आणि माझ्या हातून पुरा न झालेला तेवढाच एक अर्ज मला प्रिय आहे.

मंगली पुढे गोंदियाला शिकली व आता त्याच शाळेत शिकवते. साडूंना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, परंतु शब्द हरवले. ज्याने जिल्ह्याला शब्द पुरवले तो तोंड उघडतो आणि अडून बसतो. परवा मी व मंगली भेटावयास गेलो, तेव्हा ते काही मागत होते. मी घाईने एकेक शब्द पुढे केला: चहा? चष्मा? औषध? मंगलीने माझा हात धरला. “थांबा जी,” ती म्हणाली, “त्यायले येऊन राह्यलं.” आम्ही थांबलो. बराच वेळ गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ हलले, आणि ते म्हणाले, “येर.”

त्यांच्या घरची बोली पोवारी, आणि ओठांवर आला तो टोल्याचा शब्द. मंगलीने तांब्या पुढे केला.

सबब मंडई समितीस नम्र विनंती की, यंदाच्या नाटकात पडद्यामागची खुर्ची माझ्या साडूंसाठी पूर्ववत ठेवण्यात यावी. शब्द मंगली पुरवील; नटांना थोडे थांबावे लागले तर थांबावे. दिवाळीपूर्वी उत्तर मिळाल्यास मी ते त्यांना वाचून दाखवीन, व मधे कोठेही न अडखळण्याची काळजी घेईन.