काकूंना मोर्च्यात कुणी चालवलं

परभणीच्या स्टँडवर सुधाकरची आई मला सोडायला आली होती. खिशात बँकेतल्या नोकरीची ऑर्डर, समोर एस.टी. लागलेली. डबा हातात देत काकू हसून म्हणाल्या, "तुमच्या मंडळानं मला मोर्च्यात चालवलं म्हणे. माझे गुडघे ठाऊक नाहीत का रे त्यांना?" सुधाकर बाजूला उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे नाही.

तिथंच राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनाही आमचं अभ्यास मंडळ आठवत असेल. रविवारी नवी गोष्ट मोठ्यानं वाचायची, मग तिचा शेवट विचारधारेला धरून आहे का ते सगळ्यांनी तपासायचं. हरलेला माणूस शेवटी उठायलाच हवा, असा दंडक. सुधाकरच्या गोष्टीत कापसाच्या जिनिंगमध्ये नवरा गेलेली बाई होती, म्हणजे त्याची आईच. मोर्चा दारावरून जातो, बायका हाका मारतात, ती उंबऱ्यावरून उठत नाही. "दमले मी, बसू द्या," एवढंच म्हणते. वाचून झालं. सगळ्यांत कडक असलेले मास्तरच म्हणाले, "असू द्या. असंच छापा."

मंडळाचा अंक मी काढायचो. छापखान्यात ते शेवटचं पान हातात आलं आणि मी घाबरलो. ही बाई उठली नाही, तर आम्ही इतकी वर्षं बोलत काय होतो? मी तिला उठवलं. हातात झेंडा दिला. सुधाकरला सांगितलं, "मंडळाचा निर्णय आहे." त्यानं मंडळ सोडलं, मग लिहिणंही. मी गाव सोडल्यावर वर्षभरात काकू गेल्या.

आता जयपूर. मानसरोवर भागातला फ्लॅट, अडखळत मराठी बोलणारी मुलगी. विचारधारा वगैरे शब्द मी कधीच टाकून दिलेत. उन्हाळ्यात दुपारी लूचं गरम वारं सुटतं, पडदे ओढलेले असतात, तेव्हा घरात कुणीतरी चालतं. एक पाय ओढत, हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत, आणि परत. "वरचे लोक असतील," मी एकदा उगाच म्हणालो. मुलगी म्हणाली, "बाबा, वर तर ताला आहे. मतलब, कोणी राहतच नाही." तिलाही ऐकू येतं, हे तेव्हा कळलं.

गेल्या आठवड्यात सुधाकरला फोन केला. शेवट मी बदलला होता, मंडळानं नाही, हे सांगून टाकलं. पावलांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"तुझ्याकडे येते होय," तो म्हणाला. "इथलं चालणं थांबलं तेव्हा वाटलंच, कुठंतरी गेली."

"काय करू रे?"

"माझं नाही ऐकत ती. छापून चालवलंस ना, आता छापूनच बसव."

म्हणून जुन्या मंडळींच्या अंकासाठी हे लिहितोय. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी परभणी सांगायचो. आता ती जिथं चालतेय तेच माझं घर, आणि तिथं मला घटकाभर टेकवत नाही.

त्या गोष्टीचा शेवट असा आहे: मोर्चा दारावरून गेला. बायकांनी हाका मारल्या. ती उठली नाही.